ट्रान्झॅक्शन अडकलंय? हाताने सोडवण्याआधी या चुका टाळा

गळीत हंगामात पंधरवड्याचं ऊस बिल काढायची घाई असते आणि नेमकं तेव्हाच लेखा विभागाच्या स्क्रीनवर 'ओआरए-01591' ही ओरॅकल डेटाबेसची एरर येते. ज्या नोंदीत बदल करायचाय, तिचं लॉक (दुसऱ्याला बदल करू न देणारं कुलूप) एका अधांतरी राहिलेल्या ट्रान्झॅक्शनने (एकत्रच पूर्ण व्हायच्या बदलांच्या गटाने) धरून ठेवलंय, असा त्याचा अर्थ. आपल्या कोल्हापूर भागात उसाच्या बिलातून सोसायटीचं पीककर्ज कापून घेतात. समजा, बिल कारखान्याच्या ओरॅकलमध्ये 'अदा' होतं आणि कर्जवसुली पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जमा होते. दोन्ही व्हायला हवं, नाहीतर काहीच नको. ही जबाबदारी ॲप्लिकेशन सर्व्हरची, म्हणजे बिलाचा प्रोग्राम ज्यावर चालतो त्या वेबलॉजिक किंवा वाइल्डफ्लायसारख्या सॉफ्टवेअरची. तो आधी दोन्ही डेटाबेसना प्रिपेअर व्हायला, म्हणजे बदलाची तयारी करून थांबायला सांगतो, दोघांचा होकार आला की 'कमिट' (बदल पक्का करा) हा निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) लिहितो आणि मग दोघांना कळवतो. या मधल्या काही क्षणांत सर्व्हर बसला किंवा लाइन तुटली, की प्रिपेअर झालेली बाजू तशीच ताटकळत राहते.

अशा वेळी कमिट करायचं की रोलबॅक (बदल मागे घेणं), हे आपण ठरवायचं असतं असं समजणं हीच मोठी चूक. निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. तो सर्व्हरच्या लॉगमध्ये वाचायचा.

अडकलंय ते नक्की काय, हे न बघणं

वेबलॉजिकमध्ये 'स्टक थ्रेड'चा (काम अडकल्याचा) इशारा आला की लोक 'ट्रान्झॅक्शन अडकलं' म्हणतात. तो इशारा एकच विनंती 600 सेकंदांहून जास्त चालली तर येतो (मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर), आणि त्यामागे साधी संथ क्वेरीही असू शकते. चालू ट्रान्झॅक्शनला टाइमआउट असतो, वाइल्डफ्लायमध्ये मूळ सेटिंग 300 सेकंदांचं. प्रिपेअर झालेल्याला मात्र कोणताच टाइमआउट सोडवत नाही. ओरॅकलमध्ये 'डीबीए_2पीसी_पेंडिंग' आणि पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स' या याद्या बघा. तिथे काहीच नसेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. चालू सेशन आणि क्वेरी तपासा.

तिथे नोंद सापडली तर ती किती जुनी आहे ते पाहा. चार सेकंदांपूर्वीची असेल तर ती अडकलेली नाही, तिचं काम चालू आहे. वाइल्डफ्लायची रिकव्हरी, म्हणजे अर्धवट राहिलेली ट्रान्झॅक्शन निकाली काढणारं काम, साधारण दर दोन मिनिटांनी फिरते. एक-दोन फेऱ्या होऊ द्या.

डेटाबेस रीस्टार्ट करणं

प्रिपेअर झालेलं ट्रान्झॅक्शन डिस्कवर लिहिलेलं असतं. डेटाबेस बंद-चालू केला तरी ते लॉकसकट परत उभं राहतं. तसं राहणं हेच त्याचं काम आहे, त्यामुळे यात बिघाड शोधू नका.

लॉगचं फोल्डर उडवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. सर्व्हर उठत नाही, कुणीतरी सुचवतं 'ट्रान्लॉग' किंवा 'टीएक्स-ऑब्जेक्ट-स्टोअर' हे लॉगचं फोल्डर डिलीट करा, आणि सर्व्हर खरंच टुणकन उठतो. पण 'कमिट' हा निर्णय तिथेच लिहिलेला होता. सगळ्यांनी कमिट झाल्याचं कळवल्याशिवाय ती नोंद पुसली जात नाही. म्हणून लॉग शाबूत असेल आणि त्यात नोंद नसेल, तर निर्णय झालाच नव्हता, रोलबॅक करा, असा सरळ नियम लागतो. फोल्डर उडवल्यावरही रिकव्हरी हाच नियम लावते आणि पोस्टग्रेसची बाजू रोलबॅक होऊ शकते. तोवर ओरॅकलची बाजू कमिट झालेली असली, तर शेतकऱ्याच्या बिलातून कर्ज कापलेलं दिसतं आणि सोसायटीच्या खात्यावर ते जमाच नसतं. हा घोळ मार्चअखेरीस वार्षिक ताळ्याच्या वेळी उघडकीला येतो, आणि तोवर लॉगही नसतो, कारणही आठवत नाही.

फोल्डर बाजूला कॉपी करा, मूळ हलवू नका. जुनी मशीन कायमची गेली असेल तर तेच फोल्डर नव्या मशीनवर ठेवा, सर्व्हरची ओळख आणि डेटासोर्स (डेटाबेसच्या जोडण्या) पूर्वीसारखेच ठेवा, मग रिकव्हरीला काम करू द्या. कंटेनरवर चालवत असाल तर हे फोल्डर कायमस्वरूपी डिस्कवर आहे ना, एवढं आजच तपासा.

एकाच बाजूकडे बघून फोर्स करणं

हाताने सोडवायची वेळ आलीच, तर आधी दोन्ही बाजूंची जोडी लावा. ट्रान्झॅक्शनचा ग्लोबल आयडी दोन्हीकडे एकच असतो, ब्रँचचा (त्या-त्या डेटाबेसच्या वाट्याचा) भाग वेगळा. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये तो बेस64 (अक्षर-अंकांत लिहिण्याची एक पद्धत) करून लिहिलेला असतो, म्हणून अगम्य दिसतो, उलगडून घ्या. एक बाजू कमिट झाल्याची खात्री पटली तर दुसरीही कमिटच करायची, मग लॉग काहीही म्हणो. दोन्ही प्रिपेअरमध्ये असतील तर लॉग सांगेल तसं. लॉगही नसेल तर लेखा विभागातल्या माणसाला विचारा. बिलाची पावती बाहेर गेली का, हे डीबीएपेक्षा (डेटाबेस सांभाळणाऱ्यापेक्षा) त्यांना जास्त ठाऊक असतं.

ओरॅकलमध्ये 'कमिट फोर्स' किंवा 'रोलबॅक फोर्स', पोस्टग्रेसमध्ये 'कमिट प्रिपेअर्ड' किंवा 'रोलबॅक प्रिपेअर्ड'. पोस्टग्रेसमध्ये ज्या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू झालं, त्यालाच जोडून ही आज्ञा द्यावी लागते. वाइल्डफ्लायच्या कन्सोलमधली 'डिलीट' लॉगमधली नोंद काढते. डेटाबेसमधलं लॉक तेवढ्याने सुटेल असं धरून चालू नका. आज्ञा देण्याआधी आयडी, वेळ आणि कारण लिहून ठेवा.

तेच दुखणं रोज हाताने बरं करणं

रोज अडकत असेल तर मूळ शोधा. ओरॅकलमध्ये बहुतेकदा रिकव्हरीच्या युजरला 'डीबीए_पेंडिंग_ट्रान्झॅक्शन्स' ही यादी वाचायची किंवा 'डीबीएमएस_एक्सए' हे पॅकेज चालवायची परवानगी नसते.

दुसरं कारण मशीनच्या क्लोनचं. पंचगंगेच्या 2019 आणि 2021च्या पुरानंतर ज्यांनी सर्व्हरची हुबेहूब प्रत शहराबाहेर ठेवली, त्यांनी हे जरूर बघावं. वाइल्डफ्लायचा 'नोड आयडेंटिफायर' (त्या सर्व्हरचा ओळख नंबर) बदलला नसेल तर तो सगळीकडे '1' असतो. अशा दोन प्रती एकाच डेटाबेसला जोडून चालू झाल्या, की एकीची रिकव्हरी दुसरीची चालू ट्रान्झॅक्शन आपलीच समजते, स्वतःच्या लॉगमध्ये शोधते आणि सापडली नाहीत म्हणून रोलबॅक करते. लॉगमध्ये चूक अशी कुठेच दिसत नाही. वेगळे नंबर द्या, पण आधी पेंडिंग काही नाही याची खात्री करा, नाहीतर जुन्या नंबरची ट्रान्झॅक्शन बेवारस होतील.

पोस्टग्रेसवाल्यांनी दहा मिनिटांहून जुनं प्रिपेअर दिसलं की मेसेज येईल असा अलर्ट लावावा. विसरलेलं एक ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करू देत नाही, आणि डिस्क भरल्यावरच ते कळतं.