घानाच्या पुरुषांची उच्च शिक्षणाची ‘अपेक्षित वर्षे’: आकडा वाचताना या चुका टाळा

युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेच्या तक्त्यांत शिक्षणाची अपेक्षित वर्षे देशवार आणि शिक्षणाच्या टप्प्यानुसार दिलेली असतात, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांपुढे उच्च शिक्षणाच्या रकान्यात एकाहून लहान आकडा दिसतो. स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत, प्रबंधांत, वर्तमानपत्री लेखांत हा आकडा उचलला जातो आणि तिथूनच गफलत सुरू होते. घानाचे उदाहरण घेऊ, कारण त्या देशाने गेल्या वीसेक वर्षांत शिक्षणाची रचना इतक्यांदा बदलली की या आकड्याच्या सगळ्या खाचाखोचा तिथे भेटतात.

पहिली अडचण आपल्याच भाषेतली. ‘अपेक्षित’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ‘असायला हवे ते’ असा अर्थ येतो. ‘घानात पुरुषांनी इतकी वर्षे शिकावे अशी अपेक्षा आहे’ असे वाक्य मी एका प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात वाचले आहे. इथला ‘अपेक्षित’ गणितातला आहे. फाशाचे अपेक्षित मूल्य 3.5 असते, पण साडेतीनचे दान कधी पडत नाही. आजचे नोंदणीचे दर असेच राहिले, तर शाळेत जाण्याच्या वयाच्या एका मुलाच्या वाट्याला उच्च शिक्षणाची सरासरी किती वर्षे येतील, एवढेच हा आकडा सांगतो. सरासरी आयुर्मान काढण्याची रीतही अशीच आहे.

यातूनच सगळ्यात मोठी चूक होते. आकडा 0.8 असेल तर लोक बाराने गुणतात आणि लिहितात, ‘तिथला पुरुष जेमतेम दहा महिने कॉलेजात जातो.’ समजा, 100 मुलगे आहेत. त्यांतले 20 जण चार-चार वर्षे शिकले आणि 80 जणांनी कॉलेजाचे तोंडही पाहिले नाही. एकूण वर्षे 80, सरासरी 0.8. या शंभरांत दहा महिने शिकलेला एकही नाही. राजधानी आक्रा किंवा कुमासी शहरातल्या विद्यापीठात पोचलेला तरुण सहसा चार वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडतो. जो पोचला नाही, त्याच्या नावापुढे शून्य. हा आकडा मुख्यतः दारातून आत किती जण येतात ते सांगतो, आतल्याच्या चिकाटीबद्दल तो फार काही बोलत नाही. हे लक्षात न घेता ‘घानाचे तरुण शिक्षण अर्धवट सोडतात’ असा निष्कर्ष काढणे त्या तरुणांवर अन्याय करणारे आहे आणि धोरणासाठीही घातक आहे. गळती हा एक रोग, प्रवेशच न मिळणे हा दुसरा. दोघांवर औषध एक नाही.

पडताळणीची सोपी युक्ती: उच्च शिक्षणाचा वयोगट पाच वर्षांचा धरतात, म्हणून सकल नोंदणी गुणोत्तराला (पटावरचे सगळ्या वयांचे विद्यार्थी भागिले त्या वयोगटाची लोकसंख्या, टक्क्यांत) पाचाने गुणून शंभराने भागा. गुणोत्तर 20 टक्के असेल तर उत्तर साधारण एक वर्ष यायला हवे. फार तफावत आली तर वर्ष, लिंग किंवा रकाना चुकला आहे असे समजून पुन्हा पाहा.

आकडा अचानक उडी मारतो तेव्हा

इथे घाई करू नका. घानात 2007 साली सीनियर हायस्कूल, म्हणजे उच्च शिक्षणाआधीचा शेवटचा शालेय टप्पा, तीनऐवजी चार वर्षांचे झाले आणि सरकार बदलल्यावर 2009 मध्ये पुन्हा तीन वर्षांवर आणायचे ठरले. परिणाम असा की 2010 साली नेहमीची तुकडी बाहेर पडलीच नाही, आणि 2013 साली चार वर्षांची शेवटची तुकडी नि तीन वर्षांची पहिली तुकडी एकदमच बाहेर पडली. पुढे सप्टेंबर 2017 पासून सीनियर हायस्कूल मोफत झाले आणि त्यातली पहिली तुकडी 2020 मध्ये अंतिम परीक्षेला बसली. या वर्षांच्या आसपासचे चढउतार पाहून तरुणांची शिक्षणाची ओढ वाढली किंवा आटली असे लिहिण्याआधी कॅलेंडर तपासा. शिवाय सीनियर हायस्कूल तीन वर्षांचे धरले तर उच्च शिक्षणाचा वयोगट 18 ते 22, चार वर्षांचे धरले तर 19 ते 23. म्हणजे भागाकाराचा छेदही सरकतो.

अध्यापक महाविद्यालयांचे प्रकरण तर मला फार महत्त्वाचे वाटते. 2012 च्या कायद्याने त्यांचे स्थान उच्च शिक्षणात पक्के झाले आणि 2018 पासून तिथे तीन वर्षांच्या पदविकेऐवजी चार वर्षांची पदवी सुरू झाली. दरवर्षी पूर्वीइतकेच विद्यार्थी घेतले, तरी प्रत्येक जण एक वर्ष जास्त पटावर राहणार. एकही नवा मुलगा आत न येता अपेक्षित वर्षे वाढतात. म्हणून नुसती पटसंख्या पाहू नका, पहिल्या वर्षाचे प्रवेशही शेजारी मांडा.

छेदाची आणखी एक भानगड आहे. लोकसंख्येचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांतून येतात आणि ते अंदाज अधूनमधून सुधारले जातात, मग मागच्या वर्षांचे दरही बदलतात. घानाची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत सुमारे 2 कोटी 47 लाख होती, 2021 मध्ये 3 कोटी 8 लाख. जुन्या अहवालातला एक आकडा आणि आज उतरवून घेतलेला दुसरा यांची एकच रेघ ओढू नका. सगळी मालिका एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून घ्या.

जागतिक बँकेच्या तक्त्यात दोन टिंबे दिसली तर माहिती उपलब्ध नाही असा त्याचा अर्थ. तिथे शून्य भरले की सरासरी कोसळते.

सरासरी शालेय वर्षे हा आणखी वेगळा आकडा. तो 25 वर्षांवरच्या लोकांनी प्रत्यक्षात घेतलेल्या शिक्षणाचा, म्हणजे मागच्या पिढ्यांचा हिशेब आहे. मानव विकास निर्देशांकात तो आणि सगळ्या टप्प्यांची मिळून अपेक्षित वर्षे शेजारी वापरतात, म्हणून सरमिसळ होते.

कोण मोजला जातो, कोण नाही

घानातला तरुण पुण्यात शिकायला आला तर त्याची नोंद भारताच्या पटावर होते, घानाच्या नाही. उलट नायजेरियातून घानात शिकायला गेलेला तिथे मोजला जातो. चाळिशीतला शिक्षक केप कोस्ट विद्यापीठाच्या दूरशिक्षणात पदवी घेत असेल तर तोही पटावर आहे, त्यामुळे हा आकडा निव्वळ विशीतल्या मुलांचा समजू नका. पदवीनंतरची एक वर्षाची राष्ट्रीय सेवा शिक्षणात धरत नाहीत.

देशाची सरासरी उत्तर आणि दक्षिण यांतली दरीही झाकते. उत्तरेकडच्या तामालेत विकास अध्ययन विद्यापीठ 1992 साली निघाले. किनाऱ्याजवळ आक्रात विद्यापीठीय शिक्षण 1948 पासूनच होते.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटते. कुमासीच्या सुआमे मॅगझिन भागात गाड्या दुरुस्त करणाऱ्या, सुटे भाग घडवणाऱ्या कार्यशाळांचे अफाट जाळे आहे. तिथे उस्तादाच्या हाताखाली तरुण वर्षानुवर्षे इंजिन उघडायला, वेल्डिंग करायला शिकतात. या तक्त्यात त्यांच्या त्या वर्षांची नोंद शून्य आहे. लेखात आकडा देताना त्याच्याखाली ही एक ओळ जरूर लिहा.