विणकाम शिकायचंय? कोकणातल्या दमट हवेत अशी सुरुवात करा

कोकणात लोकर कशाला लागते असं बरेच जण विचारतात, आणि खरंय, रत्नागिरी-मालवणात स्वेटर घालायची वेळ येते कुठे. पण विणकाम म्हणजे नुसता स्वेटर नाही ना, बाळाचं टोपडं, ओटा पुसायचं फडकं, पेल्याखाली ठेवायचे चौकोन, बाजाराची पिशवी हे सगळं सुती धाग्यात मस्त होतं आणि आपल्या हवेला तेच बरं पडतं. पावसात घरात बसायला वेळही मिळतो, म्हणून मी तर सांगते आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या, सामानासोबतच सुया-धागा आणून ठेवा.

सुया घेताना एक गोष्ट नक्की बघा. आपल्याकडे जुन्या पद्धतीचे नंबर चालतात आणि ते उलटे असतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. नवीन माणसाने 8 नंबरची घ्यावी, आणि शक्यतो बांबूची, कारण धातूच्या सुईवरून टाके सटासट घसरतात. धागा मध्यम जाडीचा, गुळगुळीत, फिक्या रंगाचा. काळा किंवा केसाळ धागा अजिबात नको, टाकेच दिसत नाहीत. सुती धागा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे हात बसेपर्यंत एक स्वस्तातला ॲक्रिलिकचा गुंडा वापरा आणि मग सुतीवर या.

आता 20 टाके घाला. सरकगाठ मारून सुईवर चढवायची, आणि जेवढी रुंदी हवी त्याच्या साधारण तिप्पट धागा शेपटीला, म्हणजे मोकळ्या टोकाला, सोडायचा. टाके फार आवळून पडत असतील तर दोन्ही सुया एकत्र धरून त्यावर घाला आणि मग एक सुई काढून घ्या, पहिली ओळ सोपी जाते.

सुरुवातीला फक्त सुलट टाका विणायचा. डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उजवी सुई पुढून मागे घाला, मागचा धागा तिच्यावरून गुंडाळा, तो फास टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. ओळ संपली की सुयांचे हात बदलून परत तेच. उलट टाका हा दुसरा मूळ टाका, त्याच्या नादी इतक्यात लागू नका, मला विचाराल तर एक सरळ कडेचा चौकोन झाल्याशिवाय लागूच नका. 20 टाक्यांवर 40 ओळी केल्या की साधारण चौकोन होतो.

मध्येच 20 चे 22 टाके होतात आणि तुकडा पसरत जातो, हे जवळपास सगळ्यांचं होतं. कारण बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीलाच असतं. धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. म्हणून ओळ सुरू करायच्या आधी धागा खाली ओढून सुईखालून मागे न्यायचा, आणि दर दोन ओळींनी टाके मोजायचे. टाका निसटला तर घाबरू नका, क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर आणता येतो. आणि ओळ अर्धी ठेवून उठू नका, परत आल्यावर कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही.

तुकडा झाला की टाके बंद करताना दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडा, मग पुढचा एक विणा, परत तसंच. हात सैल ठेवा, नाहीतर कड गोळा होते.

गरम टोप धरायला फडकं करायचं असेल तर सुतीच पाहिजे, ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटू शकतं. सुती जाड कापड पावसात लवकर सुकत नाही, म्हणून धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवं पसरा, दोरीवर टांगलं तर लांबतं. उरलेला धागा पूर्ण कोरडा असेल तेव्हाच झाकणाच्या डब्यात घालून ठेवा, आणि तो डबा सुक्या मासळीच्या फळीवर नको, वास धाग्यात बसला की दोन धुण्यातही जात नाही.