पाण्यात न विरघळणाऱ्या सुजेवरच्या औषधाचं जेल कसं बनवायचं

आयबुप्रोफेन, मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब, सगळी पाण्यात विरघळायला नखरे करणारी मंडळी, आणि हायड्रोजेल म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे कटकट इथूनच सुरू होते.

पहिलं काम सोल्युबिलिटीचं, म्हणजे ड्रग किती विरघळतं ते बघायचं. बरेच जण ड्रग नुसत्या प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा पीईजी ४०० सारख्या सॉल्व्हंटमध्ये (पाण्यात मिसळणारे, ड्रग विरघळवणारे द्रव) विरघळवून बघतात आणि खूश होतात, पण जेलमध्ये तेच सॉल्व्हंट २० टक्के आणि बाकी पाणी असेल तर सोल्युबिलिटी पाचव्या हिश्श्यावर थांबत नाही, त्याच्याही बरीच खाली जाते. म्हणून जेलमध्ये जे मिक्श्चर असणार आहे नेमकं त्यातच जास्तीचं ड्रग टाकून २४ ते ४८ तास शेक करा, फिल्टर करा आणि मग मोजा. कमी पडलं तर सायक्लोडेक्स्ट्रिन (ड्रगला पोटात धरणारे साखरेचे कडीसारखे रेणू) नाहीतर नॅनोइमल्शनकडे (पाण्यात तेलाचे अतिबारीक थेंब) वळा. उगाच सॉल्व्हंट ओतत बसू नका हां, ड्रगला जेलमध्येच फार आराम वाटला तर ते स्किनकडे जायचं नावच घेत नाही. सॅच्युरेशनच्या, म्हणजे आणखी ड्रग विरघळणार नाही त्या हद्दीच्या, जरा खाली राहिलेलं बरं.

बेससाठी कार्बोपोल ९४० (पाण्यात फुगून जेल बनवणारी पॉलिमरची पावडर), ०.५ ते १ टक्का. ढवळत ढवळत पाण्यावर थोडं थोडं भुरभुरा, एकदम टाकलंत तर बाहेरून ओल्या आणि आत कोरड्या गुठळ्या होतात, त्या मग फुटता फुटत नाहीत. रात्रभर फुगू द्या. ड्रग आणि पॅराबेन (जेल खराब होऊ न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह) सॉल्व्हंटमध्ये विरघळवून हळूहळू मिसळा, शेवटी ट्रायइथेनॉलअमाईन (कार्बोपोलचं ॲसिड मारणारा अल्कली) थेंब थेंब टाका, बघता बघता घट्ट होतं. स्टिरर इथे स्लो, नाहीतर हवा अडकते. ड्रग सोडियम सॉल्ट असेल तर कार्बोपोल पातळ पडतं, तेव्हा एचपीएमसी (सेल्युलोजपासून बनलेला जेलिंग एजंट) घ्या.

पीएचचा लोचा वेगळाच. ॲसिडिक ड्रग पीएच वाढवला की जास्त विरघळतं पण आयनाईज होतं, म्हणजे त्यावर चार्ज येतो, आणि आयनाईज झालेलं स्किनमधून नीट जात नाही, त्यामुळे साधारण ५.५ ते ६.५ मध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते.

आता जेल पारदर्शक दिसतंय म्हणून लगेच नाचू नका. थोडं स्लाइडवर पसरून पोलराइज्ड लाइटखाली बघा, काळ्या बॅकग्राउंडवर चमकणाऱ्या सुया दिसल्या तर ड्रग बाहेर पडलंय. पहिल्या दिवशी आणि फ्रिज-गरम सायकलनंतर, दोन्ही वेळा बघा.

जेलमधून ड्रग किती बाहेर येतं (रिलीज) ते फ्रँझ सेलवर मोजा, ३२ डिग्री सेल्सियसला; यात वर जेल, मध्ये मेम्ब्रेन आणि खाली द्रवाने भरलेला कप्पा (रिसेप्टर) असतो. मेम्ब्रेनखाली बुडबुडा राहिला तर तेवढा भाग फुकट, सेल तिरका करून काढा. आणि रिसेप्टरमध्ये ड्रग विरघळलं पाहिजे, नुसत्या बफरमध्ये सेलेकॉक्सिब विरघळत नाही, मग ग्राफ सपाट येतो आणि लोक जेलला नावं ठेवतात.