गोव्यात सत्तरीच्या घळींत मासे गरवायला जाताय? या चुका टाळा

दिवाळी सरते, नद्या निवळतात आणि माझा फोन वाजू लागतो. पलीकडे पणजीचा, म्हापशाचा नाहीतर फोंड्याचा कोणीतरी. नवीन रॉड घेतलेला असतो, मोबाइलवर व्हिडिओ बघून झालेले असतात. "म्हादईला खडशी लागते म्हणे. बसायचं कुठे, तेवढंच सांगा." खडशी म्हणजे आपल्या नदीतला महाशीर मासा. पाणी किती आहे, वाट कशी आहे, परतायचं कधी, यातलं काहीही कोणी विचारत नाही. फक्त जागा हवी असते. ती मी फोनवर सांगत नाही आणि इथेही लिहिणार नाही. त्याच त्याच चुका पाहून कंटाळा आलाय, म्हणून त्या मात्र लिहितो.

पहिली गोष्ट, नकाशा बघा. सत्तरीतल्या ज्या घळी फोटोत सुंदर दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा म्हादई अभयारण्यात येतात. १९९९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे. मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांतही तोच नियम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात परवानगीवाचून शिरणं आणि तिथले मासे मारणं हा गुन्हा आहे. "एकच गळ टाकला हो" म्हणून सुटका होत नाही. हद्द कुठे संपते हे ज्याला माहीत नाही, त्याने आधी वाळपईला वनखात्याकडे जाऊन विचारावं. हद्दीच्या खाली, गावांच्या अंगानं वाहणारी नदी भरपूर आहे. तिथंही आधी गावात जाऊन सांगायची पद्धत आहे. एखादा कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह, देवाचा असतो, तिथं पिढ्यान् पिढ्या कोणी गरी टाकलेली नसते. महाडजवळचं वाळणकोंड किंवा शृंगेरीच्या घाटावरचे मासे पाहिलेत, तर अशा राखणीची ताकद कळेल. आपल्याकडच्या कोंडांना पाटी नसते एवढंच. म्हणून विचारायचं.

पाण्याकडे पाठ करून बसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, तेव्हा जरा सविस्तर.

सत्तरीत ऊन पडलंय, आकाश निळं आहे, म्हणजे नदी सुरक्षित, असं लोक धरून चालतात. म्हादई उगम पावते ती खानापूर तालुक्यात देगावला. तिला मिळणारे कितीतरी ओहोळ घाटमाथ्यावरून येतात. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात वळीव कोसळला तर खाली थेंब न पडताही पाणी चढतं. वरचे सडे जांभ्याचे आणि उतार उभा, त्यामुळे जोराची सर आली की पाणी धावतच सुटतं. पुढे घळीत त्याला पसरायला जागा नसते, मग ते वर चढतं. कर्नाटक आपलं पाणी वळवणार म्हणून कळसा-भांडुरा प्रकल्पावरून आपण इतकी वर्षं भांडतोय, आणि गरवायला बसलं की तेच पाणी तिकडून येतं हे साफ विसरतो!

मे महिन्यातली गोष्ट. मडगावची तीन मुलं ओळखीतून माझ्याबरोबर आली होती. सोबत गावातले एक मामा होते, त्या नदीवर जन्म गेलेला माणूस. पात्राच्या मधोमध एक ऐसपैस कातळ होता. मुलं घोट्याएवढ्या पाण्यातून त्यावर गेली आणि आइसबॉक्स, खुर्च्या, स्पीकर असा संसार मांडून बसली. मामा आणि मी काठावर. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्वेला घाटावर काळं झालं. आमच्या डोक्यावर ऊन. थोड्या वेळानं गार वारा आला. मामा उठून पाण्यापाशी गेले, ओंजळ भरून पाणी पाहिलं आणि ओरडले, "पुतांनो, उदक गडूळ जालां, वयर सरात!"

एक पोरगा ताबडतोब निघाला. दुसऱ्याला लाइन गुंडाळायची होती, तिसऱ्याला आइसबॉक्स सोडवेना. "मामा, पाच मिनिटं!" त्या पाच मिनिटांत पाला आला, मागून फेस आला, आणि घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत गेलं. उतरू पाहणाऱ्याला मामांनी शिव्या घालून मागे फिरवलं, ते बरंच केलं. गुडघ्याच्या वर गेलेलं ओढीचं पाणी माणसाला उभं राहू देत नाही. खालचे दगड शेवाळलेले असतील तर गुडघ्यापर्यंतचंही पुरतं. रात्रभर दोघं कातळावर आणि आम्ही काठावर, मध्ये गर्जणारी नदी. हाक मारली तर ऐकूही येत नव्हती. बॅटरीची उघडझाप करून आम्ही एकमेकांना जागं ठेवलं. पहाटे पाणी ओसरलं आणि दोघं चालत बाहेर आले. आइसबॉक्स गेला, खुर्च्या गेल्या, दोन रॉड गेले. बाहेर आल्यावर त्यांच्यातल्या एकाचा पहिला प्रश्न: "मामा, खाली कुठे रॉड अडकला असेल का?" मामांनी उत्तर दिलं नाही.

यावर माझी सवय साधी आहे. पोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवायची आणि दर वेळी आमिष बदलताना तिच्याकडे बघायचं. काटकी बोटभर बुडाली की सामान उचलायचं, मासा लागलेला असला तरी दोर तोडून. मी गोव्याबरोबर बेळगाव जिल्ह्याचाही अंदाज बघतो. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेलं गवत आणि प्लास्टिक कुठवर आहे तेही पाहतो, कारण गेल्या पावसात पाणी तिथवर आलेलं होतं. तंबू ठोकायचाच तर त्या रेषेच्या वर. २०२१ च्या जुलैत म्हादईनं सत्तरीत काय केलं, कोणाच्या घरात किती चिखल शिरला, ते नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. आणि पावसाळ्यात घळीत उतरायचंच नाही. वाळपईला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथं जून ते सप्टेंबर गळ घेऊन जाणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फोन ठेवतो.

काही चुका एका ओळीच्या

चपला घालून येऊ नका. दारू घरी प्या. घळीत रेंज नसते, तेव्हा कुठे जाताय आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा. कड्यांच्या मध्ये ऊन लवकर जातं, चारला परत फिरा. दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नका, ओहोळाकाठच्या फांदीवर चापडा हा विषारी साप हलल्यावाचून बसलेला असतो. गव्याचा फोटो काढायला जवळ जाणाऱ्याला माझ्याकडे सल्ला नाही.

गोचिडांना हसणं

हिवाळा ते मे हे आपले गरवायचे दिवस, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचेही नेमके तेच. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे २०१५ पासून सत्तरीत रुग्ण सापडू लागले. काजू गोळा करायला रानात जाणारे लोक तेव्हापासून अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावून जातात. शहरातले मात्र हाफ पँटवर पाल्यात बसकण मारतात, कारण फोटोत ते बरं दिसतं. पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि तेल, इतकं केलं की पुष्कळ झालं. रानातून आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांत ताप भरला तर डॉक्टरला "सत्तरीच्या रानात गेलो होतो" हे स्वतःहून सांगा.

कोंडाच्या कडेला उभं राहून गळ फेकणं

घळीतलं पाणी जानेवारीत काचेसारखं असतं. तुम्हाला मासा दिसला, म्हणजे त्याला तुम्ही आधीच दिसलात. तरी लोक कोंडाच्या काठावर ताठ उभे राहतात, लाल टी-शर्टात, सावली थेट पाण्यावर. मग म्हणतात, इथे मासेच नाहीत. मी खालच्या अंगानं, प्रवाहाच्या उलट, दगडाआडून जातो आणि पहिला अर्धा तास गरी पिशवीतून काढतच नाही. नुसतं बघायचं. उंबर कुठे पाण्यावर झुकलंय? खडशीला पडलेली फळं आवडतात, उंबराखाली ती घुटमळते. कातळावर पाणमांजराची विष्ठा आहे का? तिच्यात खवले आणि खेकड्यांचे तुकडे दिसले तर त्या कोंडात मासा आहे, कोणाला विचारायची गरज नाही. खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड सकाळी चांगली, भर दुपारी खोल सावली. अर्धा तास नुसतं बसवत नाही अशा माणसाने मांडवीच्या जेटीवर जावं, तिथं चहाही मिळतो.

आणि प्रत्येकाला खडशीच हवी असते! हातात बहुधा पिठोळ येतो, कधी शिंगाळा, खडकात वाम, संथ पाण्यात मरळ. बारीक गळावर गांडूळ लावून पिठोळ गरवण्यात जी मजा आहे ती कळायला काही वर्षं जातात.

गळाबद्दल एवढंच सांगतो. स्वस्त, पातळ तारेचे गळ आणू नका. खडशीच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि ते खेकड्याचं कवच फोडतात, तिथं तुमच्या गळाची काय कथा! तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. आमिष म्हणून नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा गोळा मला अजून कुठल्याही चमकत्या खेळण्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

कातळावर मासा ठेवून फोटो

"आम्ही सोडतो हो मासे, मारत नाही." हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, सोडल्यावर काय झालं ते पाहिलंत का?

एकदा खालच्या एका कोंडावर दोघे जण भेटले. हातभर लांबीची खडशी लागली होती, देखणी, खवल्यांवर सोनेरी झाक. पातळ लाइनवर तिला बराच वेळ खेळवून दमवलेली. मग कातळावर आडवी ठेवली. एप्रिलची दुपार, त्या दगडावर मला तळवा टेकवत नव्हता. एकानं फोटो काढला, तो हलला. दुसरा काढला, त्यात रॉडवरचं कंपनीचं नाव दिसत नव्हतं. मग कल्ल्यांत बोटं घालून उचलली, मग वजन. शेवटी पाण्यात टाकली आणि ती शेपूट हलवत खोलात गेली. दोघांनी टाळ्या दिल्या. संध्याकाळी परतताना तीच खडशी खालच्या खळाळात उलटी अडकलेली होती. तळव्याचे सुकलेले ठसे अंगावर तसेच. मी ते दोघांना दाखवलं, तर म्हणाले, "दुसरी असेल."

यात गूढ काही नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. दमलेल्या माशाला सगळ्यात जास्त हवा लागते तेव्हाच एप्रिलच्या पाण्यात ती सगळ्यात कमी. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्याच्याविना बुरशी धरते. म्हणून जाड लाइन घ्या, मासा लवकर आणा. हात ओले करा. तो पाण्यातच असताना गळ सोडवा. फोटो हवा तर पाण्याच्या वर ओंजळीत, तुम्ही स्वतः श्वास रोखून धराल तेवढाच वेळ. मग तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, तो स्वतःहून हाताला हिसका देईपर्यंत. मार्चच्या अखेरीनंतर मी दुपारी गरी टाकतच नाही.

ब्लीचिंग पावडर, जिलेटिन आणि पहिला पाऊस

याला चूक म्हणणं म्हणजे सभ्यपणा झाला. पाण्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पूर्वी गेळ्याची फळं ठेचून एखाद्या आटत्या डबक्यात टाकत, हे खरं. पण डबकं आणि वाहती नदी यांत फरक आहे. ब्लीचिंग पावडरीनं कोंडातली पिल्लं, खेकडे, झिंगे सगळं जातं, आणि खालच्या गावची गुरं तेच पाणी पितात. असं कोणी करताना दिसलं तर भांडू नका, गाडीचा नंबर टिपून कळवा.

चढणीच्या माशांचं जरा वेगळं. पहिल्या पावसात ओहोळातून शेतात चढणारे मासे धरणं ही गावची जुनी मजा आहे, तिला मी नावं ठेवत नाही. आता मात्र प्रत्येक मोरीला आडवं जाळं लागतं आणि पोटात अंडी असलेली एकही मादी वर पोचत नाही. जाळ्याची अर्धी रुंदी मोकळी ठेवायला काय जातं? मरळीच्या तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, आणि ते चवताळून कशावरही तोंड टाकतात. असा मासा धरण्यात कसब काय आहे?

"मासे सोडून" पुण्य कमावणं

ही नवी टूम. बाजारातून जिवंत मासे आणायचे, नाहीतर घरच्या टाकीत मावेनासे झालेले उचलायचे, आणि नदीत सोडायचे. तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर असेच पसरत जातात. अगदी खडशी आणून सोडण्यातही धोका असतो. लोणावळ्याच्या केंद्रात तयार झालेली खडशीची पिल्लं चांगल्या हेतूनं कावेरीत सोडली गेली, आणि आज तिथल्या मूळच्या, उंच पाठीच्या महाशीरावर संकट आलं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. पिल्लं सोडायची की नाही हे अभ्यासकांनी ठरवायचं काम आहे, वाढदिवसाचा कार्यक्रम नाही.

तिलापिया गळाला लागला तर मात्र नदीत परत टाकू नका, कितीही लहान असो. मातकट वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवा, दोनदा धुवा, मग तिरफळं आणि सोलं घालून रस्सा करा. पिठोळाची सर त्याला नाही, पण पिठोळ नदीत राहतो.