गहू बंद करायच्या आधी टेस्ट करा

पोरगं सारखं पातळ शी करतंय, पोट टम्म फुगलंय पण हातपाय काडीसारखे, वजन वाढंना, आयर्नचं औषध देऊन पण हिमोग्लोबिन तिथंच, तर नुसते जंत म्हणून सोडू नका, सिलिॲकची (गहू खाल्ल्यानं आतड्याला इजा होते तो आजार) टेस्ट करायची का ते डॉक्टरांना विचारा.

आणि कळकळीनं सांगते, टेस्टच्या आधी गहू बंद करू नका!! चपाती, बिस्किट, मिसळीतला पाव सगळं चालू ठेवा, नाहीतर आजार असून पण रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

रक्ताची टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी अँटीबॉडी) आणि सोबत टोटल आयजीए (रक्तातली आयजीए प्रकारची एकूण अँटीबॉडी) पण करायची, कारण टोटल कमी असली तर पहिलीचा भरवसा नाही. टीटीजी वाढली तर पोटविकार तज्ज्ञ, बहुतेकदा एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करून बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं). पक्कं झाल्यावरच गहू बंद करून ज्वारीची भाकरी, भात, नाचणी. भावंडांची पण टेस्ट करून घ्या.