मज्जारज्जूतील संप्रेरकांचे काम कागदावर कसे मांडावे

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा विषय पाठ करण्याआधी त्याची आकृती स्वतःच्या हाताने काढावी. मज्जारज्जूच्या आडव्या छेदात मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग काढावा आणि छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत त्याच्या कडेला जे लहान टोक बाहेर येते ते लाल करावे, कारण ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या पेशी तिथेच असतात.

आता मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून या टोकापर्यंत रेघ ओढावी. गफलत होते ती इथेच. ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन ही प्रत्येकी 9 अमिनो आम्लांची संप्रेरके त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात जातात एवढेच आपल्या लक्षात राहते. परंतु हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशींचे तंतू थेट मज्जारज्जूत उतरतात आणि तीच रसायने तिथे चेतासंदेशक, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी रसायने, म्हणून सोडतात. रक्तातून फिरणाऱ्या या रेणूंना मज्जारज्जूत सहज शिरता येत नाही, म्हणून ही दुसरी वाट वेगळ्या रंगात दाखवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

लाल टोकापासून हृदय, रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथींकडे बाण काढावेत. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीत उतरताच मानेवर जो घाम फुटतो, त्याचा आदेश याच टोकातून निघतो. परानुकंपी, म्हणजे विश्रांतीच्या वेळची कामे पाहणाऱ्या, बाजूसाठी मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील त्रिक भागातील दुसरा ते चौथा खंड निळा करावा. उंदरांच्या मज्जारज्जूच्या खालच्या भागात ऑक्सिटोसिन दिल्यावर शिश्नाला ताठरता आल्याचे प्रयोगांत दिसले आहे.