विमा नसलेल्या वाहनाला अपघात झाला तर आपले हक्क कसे राखावेत

वाहनाचा विमा नसताना अपघात झाला की जमलेल्या लोकांपासून ओळखीच्या जाणकारांपर्यंत सगळे एकच सांगतात: कागद नाहीत, म्हणजे चूक तुमचीच धरली जाणार, तेव्हा मिटवून टाका. हा सल्ला कायद्याला धरून नाही, आणि त्यापायी जखमी माणसांनी हक्काच्या भरपाईवर पाणी सोडलेले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, बंधनकारक आहे. तो नसताना वाहन चालवले किंवा दुसऱ्याला चालवू दिले, तर कलम १९६ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पुन्हा तसेच घडल्यास दंड ४,००० रुपये होतो. ही शिक्षा विमा न काढल्याची आहे. अपघात कोणाच्या निष्काळजीपणाने झाला, हा प्रश्न स्वतंत्रपणे पुराव्यावर ठरतो.

पहिली गोष्ट, घटनास्थळ सोडून जाऊ नये. जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जमाव हिंसक झाला असेल तर थेट पोलीस ठाणे गाठावे. आपण स्वतः जखमी असाल तर खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नका. २०२५ मध्ये लागू झालेल्या रोखरहित उपचार योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात, आणि तो ज्या वाहनात होता त्याचा विमा असण्याची अट त्यात नाही.

दुसरे, विमा खरोखरच नाही ना, हे तपासा. वाहन जुने विकत घेतले असेल आणि आधीच्या मालकाची पॉलिसी मुदतीत असेल, तर कलम १५७ नुसार थर्ड पार्टीपुरती ती नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित झाली असे मानले जाते. अपघातानंतर घाईने काढलेली पॉलिसी मात्र झालेल्या अपघाताला लागू होत नाही, आणि तारखेत फेरफार करण्याचा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. २,००० रुपयांच्या दंडाच्या प्रकरणाचे त्याने फसवणुकीच्या गुन्ह्यात रूपांतर होते.

यापुढचा टप्पा पोलीस ठाण्यातला, आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः सर्वाधिक अडखळलो तो इथेच. विमा नाही हे कळताच समोरचा पक्ष फिर्यादी होतो, आपण आरोपी होतो आणि पंचनामा त्याच दिशेने लिहिला जाण्याची शक्यता वाढते. विमा नसल्याचे लपवू नका. विचारल्यावर एका वाक्यात सांगा आणि तिथेच थांबा. त्याला जोडून ‘माझी चूक झाली’ असे सौजन्यानेही म्हणू नका, कारण विम्याबद्दलची ती दिलगिरी अपघाताची कबुली म्हणून पुढे फिरवली जाते.

पंचनाम्याच्या वेळी शक्य असेल तर हजर राहा, नाहीतर घरचे विश्वासू माणूस पाठवा. वाहनांची अंतिम स्थिती, चाकांच्या खुणा, रस्त्याची रुंदी आणि धडकेची जागा या चार गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत, कारण न्यायाधिकरणापुढे निष्काळजीपणाचे माप पुढे याच नोंदींवरून काढले जाते. चूक समोरच्याची असेल तर स्वतःची लेखी फिर्याद द्या. ठाण्यात ती घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तुमच्यावर आधीच गुन्हा दाखल झाला आहे, हे तुमची फिर्याद नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणखी एक इशारा मी प्रत्येकाला देतो: तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हे त्याच संहितेचे कलम १८१ सांगते. फिर्यादीवर सही करावी लागते, पण ती संपूर्ण वाचून. कोऱ्या कागदावर किंवा ‘काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर, विशेषतः दुखापत किती गंभीर आहे हे कळण्याआधी, कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा किंवा त्यातून मृत्यू झाल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ किंवा १०६(१) खालचा गुन्हा जामीनपात्र आहे. त्यात जामीन हा हक्क असतो, त्यामुळे सुटकेच्या बदल्यात तडजोड करण्याचे कारण उरत नाही.

वाहन सोडवणे मात्र खरोखर कठीण जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार, अपघातात सापडलेले विनाविमा वाहन मालकाने संभाव्य भरपाईपुरते तारण दिल्याशिवाय सोडले जात नाही, आणि ताब्यात घेतल्यापासून ३ महिन्यांत तारण न दिल्यास त्याचा लिलाव होऊन रक्कम दावा न्यायाधिकरणात जमा होऊ शकते. तारणाची रक्कम ठरलेली नसते. म्हणून सुपुर्दनाम्याचा, म्हणजे वाहन परत ताब्यात मिळण्याचा, अर्ज लवकर करा आणि समोरच्याच्या दुखापतीची कागदपत्रे मागवून रक्कम त्या प्रमाणात ठरवावी, अशी विनंती न्यायालयाला करा.

शेवटी दावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा. तो आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. समोरच्या वाहनाचा विमा असेल तर त्याच्या विमा कंपनीच्या दृष्टीने तुम्हीच थर्ड पार्टी असता आणि तुमच्या पॉलिसीचा अभाव तिला बचाव म्हणून वापरता येत नाही. वाहन चालवण्याचा परवाना नसणे एवढ्यावरूनही चालकाचा सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात त्याच्याही चुकीचा वाटा, सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. विम्याच्या कागदाचा तर वाहन कसे चालवले याच्याशी काहीच संबंध नाही. तुमच्याविरुद्ध आरोपपत्र असले तरी न्यायाधिकरण त्याने बांधलेले नसते. धडक देणारे वाहन पळून गेले असेल, तर कलम १६१ नुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

चुकीचा काही वाटा तुमचा ठरला, तर तेवढी रक्कम तुमच्या भरपाईतून कापली जाते, आणि समोरच्याचे नुकसान मालक व चालक यांना खिशातून द्यावे लागते. निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते; वादातील रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर ती वाट बंद आहे, आणि ज्याला रक्कम द्यायची आहे त्याने अपील करण्यापूर्वी २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरावी लागते.